कोल्हापूर प्रकरण, १८८२ : बनावट पत्रे, १०१ दिवसांचा तुरुंग आणि विश्वासार्हतेची किंमत

(दीर्घ सूत्र. सवडीने वाचावे.)

१/
टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, हे आपण शाळेतच शिकतो. का होते, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: ‘इंग्रज सरकारविरुद्ध जळजळीत लिहिले म्हणून.’ हे उत्तर अर्धवट आहे. त्या शिक्षेच्या मुळाशी काही पत्रे होती, आणि ती पत्रे खोटी होती. मराठी पत्रकारितेचा पहिला गाजलेला तुरुंगवास एका बनावट पुराव्यातून उद्भवला. आजच्या सूत्राचा विषय तोच.

२/
पार्श्वभूमीसाठी थोडे मागे जाऊ. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांत ते निघे. आज महाराष्ट्रात हा दिवस पत्रकार दिन म्हणून साजरा होतो. मात्र त्या पत्राचा हिशेब फार कमी जणांना ठाऊक असतो. वर्गणीदार सुमारे ३०० आणि आयुष्य जेमतेम साडेआठ वर्षांचे. १८४० मध्ये ‘दर्पण’ बंद पडले. विद्वत्ता, सचोटी, दूरदृष्टी सगळे संपादकापाशी होते. नव्हता तो पुरेसा पैसे देणारा वाचक. वृत्तपत्र खरे असणे आणि ते टिकणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडा मराठी पत्रकारितेला पहिल्याच दशकात मिळाला.

३/
आता १८८१ कडे येऊ. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ गणेश आगरकर, महादेव बल्लाळ नामजोशी, वामन शिवराम आपटे आणि डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांच्या सह्यांनी एक जाहीर पत्रक निघाले आणि जानेवारी १८८१ मध्ये पुण्यातून दोन साप्ताहिके सुरू झाली. २ जानेवारीला इंग्रजी ‘मराठा’, ४ जानेवारीला मराठी ‘केसरी’. ‘मराठा’ची जबाबदारी टिळकांकडे, ‘केसरी’ची आगरकरांकडे. दोघेही पंचविशीच्या आतबाहेरचे.

४/
या मंडळींपाशी भांडवल जवळजवळ नव्हते. बहुतेक न्यू इंग्लिश स्कूलमध्ये अल्प वेतनावर शिकवणारे. छापखाना मिळाला तेव्हा त्याचे सामान या उच्चशिक्षित तरुणांनी स्वतःच्या खांद्यावरून मोरोबादादांच्या वाड्यात वाहून नेले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. आपण ती ध्येयनिष्ठेची गोष्ट म्हणून सांगतो. ती दारिद्र्याचीही गोष्ट आहे. हमाल लावायला ज्यांच्यापाशी पैसे नाहीत, ते बातमी पडताळण्यासाठी माणूस परगावी कोठून पाठवणार? हा प्रश्न मनात ठेवून पुढे वाचा.

५/
कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात असताना इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्यांच्या मागे १८७१ मध्ये एका लहान मुलाला दत्तक घेऊन गादीवर बसवण्यात आले. हेच शिवाजी महाराज, करवीरचे चौथे शिवाजी. राजा अज्ञान, त्यामुळे कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली. पुढे संस्थानचे कारभारी झाले राव बहादूर माधवराव बर्वे. तरुण महाराजांना वेड लागले आहे, असे अधिकृतपणे सांगितले जाऊ लागले. लोकांना मात्र वाटे की त्यांचा छळ होत आहे आणि त्या छळाने त्यांना वेडे ठरवले जात आहे.

६/
ही शंका हवेतून आली नव्हती. महाराजांना भेटणे लोकांना शक्य नव्हते, राजवाड्यातून विश्वसनीय माहिती बाहेर येत नव्हती, आणि शासनाने स्वतःहून काही उलगडून सांगितले नव्हते. माहितीची अशी पोकळी निर्माण झाली की ती अफवेने भरते. १८५७ आधी काडतुसांच्या चरबीविषयीही हेच घडले होते. सत्ता गप्प राहिली की लोक स्वतःच उत्तरे रचू लागतात आणि त्यातली काही खरीही असतात. अडचण अशी की त्या अंधारात खरे कोणते आणि रचलेले कोणते, हे ओळखता येत नाही.

७/
अशा वातावरणात बर्व्यांच्या नावाची काही पत्रे पुण्यातील संपादकांपर्यंत पोहोचली. ती खरी मानली तर महाराजांविरुद्ध कारस्थान चालले आहे, हे कारभाऱ्याच्याच शब्दांत सिद्ध होत होते. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी बर्व्यांवर घणाघाती लिखाण केले व त्याला या पत्रांचा आधार दिला. छत्रपतींच्या गादीवरील असहाय तरुण आणि त्याला छळणारा परक्यांचा हस्तक, हे चित्र महाराष्ट्राच्या काळजाला भिडणारे होते. खळबळ उडाली.

८/
इतके बुद्धिमान लोक फसले कसे? कारणे पाहिली तर ती आजही ओळखीची वाटतील. पत्रांतला मजकूर त्यांना आधीपासून जे वाटत होते त्याच्याशी तंतोतंत जुळत होता. पत्रे देणारी माणसे महाराजांच्या बाजूची आणि म्हणून विश्वासू भासणारी होती. प्रश्न तातडीचा होता. महाराजांच्या जिवाला धोका आहे असे मानल्यावर चार आठवडे थांबणे पाप वाटले असणार. आणि पत्रे खरी की खोटी हे ज्याला सर्वांत चांगले सांगता आले असते, तो मनुष्य, म्हणजे बर्वे, शत्रुपक्षात होता. त्याला विचारायचे कसे?

९/
बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटला मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत अब्रुनुकसानीच्या आरोपाला एक महत्त्वाचा बचाव होता: केलेले विधान सत्य असेल आणि ते सार्वजनिक हितासाठी केलेले असेल, तर तो गुन्हा नव्हे. म्हणजे सारा बचाव त्या पत्रांच्या खरेपणावर उभा होता. तोच ढासळला. पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली. पण प्रकरण तेवढ्यावर मिटले नाही.

१०/
खटला चालू असतानाच, १७ मार्च १८८२ रोजी, विष्णुशास्त्री चिपळूणकर अवघ्या ३१ व्या वर्षी वारले. संस्थेचा आधारस्तंभ गेला, वृत्तपत्रे कर्जात आणि दोन्ही संपादक आरोपी. जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली. चांगल्या वर्तणुकीमुळे सूट मिळून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले. आगरकरांनी हा अनुभव ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे.

११/
लोकांचा प्रतिसाद पाहण्यासारखा आहे. जामिनासाठी १०,००० रुपयांची हमी घेऊन पुढे आले ते रामशेठ बापूशेठ उरवणे, महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी. ‘केसरी’कार मंडळी आणि सत्यशोधक यांचे वैचारिक वैर सर्वश्रुत आहे, तरीही हा हात पुढे झाला. बचावनिधीसाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील विद्यार्थ्यांनी नाटक केले. त्यात एका सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने स्त्रीभूमिका केल्याचे त्याचे चरित्रकार नोंदवतात. त्याचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. हे नाव लक्षात ठेवा.

१२/
सुटकेनंतर संपादकांचे जंगी स्वागत झाले. येथे इतिहासप्रेमींनी जरा थांबावे. लोकांनी सत्कार केला तो संपादकांच्या हेतूचा आणि धैर्याचा. त्या पत्रांचा खरेपणा त्या सत्काराने सिद्ध झाला नाही. १८९७ व १९०८ मध्ये टिळकांना झालेल्या शिक्षा राजद्रोहाच्या, म्हणजे मताबद्दलच्या होत्या. १८८२ ची शिक्षा एका तथ्याबद्दल होती, आणि ते तथ्य चुकीचे निघाले. तिन्ही तुरुंगवास एकाच माळेत ओवले की १८८२ मधील सर्वांत उपयुक्त बोध आपल्या हातून निसटतो.

१३/
आणि ज्यांच्यासाठी हे सारे झाले, त्या महाराजांचे काय? त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. २५ डिसेंबर १८८३ रोजी, वयाच्या विशीत, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे महाराज असुरक्षित आहेत ही लोकांची भीती निराधार नव्हती. पण ती मांडण्यासाठी जो पुरावा वापरला गेला तो खोटा ठरला होता. महाराजांना कसे वागवले जाते, हा खरा प्रश्न मागे पडून न्यायालयात चर्चा झाली ती पत्रांच्या खरेखोटेपणाची. खऱ्या तक्रारीच्या बाजूने उभा केलेला खोटा पुरावा त्या तक्रारीलाच मारतो. बनावट पत्रे तयार करणाऱ्यांचा हेतू कोणताही असो, त्यांनी सर्वाधिक हानी केली ती महाराजांचीच.

१४/
पंधरा वर्षे पुढे जाऊ. १८९७. पुण्यात प्लेग. वॉल्टर रँड यांच्या देखरेखीखाली गोरे सैनिक घराघरांत शिरून तपासणी करत होते. लोकांत संताप होता. त्या वेळी गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून त्यांना पत्रे आली. या वेळी पत्रे खरी होती, लिहिणारे त्यांच्या विश्वासातले होते. सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतील एकीने आत्महत्या केली, असे त्यांत म्हटले होते. गोखल्यांनी ही माहिती ‘मँचेस्टर गार्डियन’ या वृत्तपत्राला दिली.

१५/
मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला आणि पुरावा मागितला. दरम्यान २२ जूनला रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. पुण्यात धरपकड चालू होती. गोखले परतले तेव्हा त्यांचे पत्रलेखक उघडपणे साक्ष द्यायला तयार नव्हते, आणि त्या दिवसांत त्यांची भीती समजण्याजोगी होती. गोखल्यांनी त्यांची नावे सांगितली नाहीत. पण सिद्ध करता येत नाही असा आरोप जागेवर ठेवणेही त्यांना मान्य नव्हते. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली.

१६/
या माफीची किंमत जबर होती. भित्रेपणाचा शिक्का बसला, सभांत हेटाळणी झाली, त्या वर्षीच्या अमरावती काँग्रेसमध्येही विरोध सोसावा लागला. लक्षात घ्या: अत्याचार झालेच नाहीत, असे त्या माफीने सिद्ध होत नाही. जे सांगितले ते दाखवता येत नाही, एवढेच सिद्ध होते. ‘खोटे’ आणि ‘असिद्ध’ यांतील अंतर इतिहासाच्या अभ्यासकाने कधीही विसरू नये. १८८२ चा पुरावा खोटा होता. १८९७ चा पुरावा असिद्ध राहिला. ज्या मुलाने कधी ‘केसरी’च्या बचावनिधीसाठी नाटकात काम केले, त्याच्यावर तशाच कसोटीचा प्रसंग यावा, हा योगायोग विलक्षण आहे.

१७/
आता पैशाकडे वळू, कारण विश्वासार्हतेचा हिशेब पैशाविना पुरा होत नाही. ‘केसरी’ १८८२ च्या धक्क्यातून सावरला. संपादक तुरुंगात असताना सहकाऱ्यांनी अंक काढले, वाचकांनी साथ सोडली नाही. तरीही कर्ज पाठ सोडत नव्हते. मतभेदांमुळे आगरकर बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. १८९१ मध्ये वाटणी झाली तेव्हा ‘केसरी’ व ‘मराठा’ टिळकांकडे आले ते कर्जासकट. एकेका घरातून येणाऱ्या छोट्या वर्गणीवर हे पत्र उभे राहिले. सरकारी जाहिरातीची वा संस्थानिकाच्या थैलीची त्याला गरज पडली नाही, म्हणून ते सरकारशी भांडू शकले.

१८/
परंतु वर्गणीवर चालणाऱ्या पत्राची एक मर्यादाही असते. ज्यांच्यापाशी वर्गणीचे पैसे आहेत, त्यांचेच सत्य त्यात आधी छापले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले ते या जाणिवेतून. पहिल्याच अंकात त्यांनी दाखवून दिले की मुंबई इलाख्यातील बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहणारी आहेत. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. एकेकाळी उरवण्यांच्या जामिनावर सुटलेल्या संपादकांचे हे पत्र, हे विसरता येत नाही.

१९/
‘मूकनायक’ला सुरुवातीस आर्थिक मदत केली ती राजर्षी शाहू महाराजांनी, २,५०० रुपयांची. अहमदनगरच्या किल्ल्यात मरण पावलेल्या शिवाजी महाराजांच्या रिकाम्या गादीवर १७ मार्च १८८४ रोजी जे दत्तक आले, तेच हे शाहू महाराज. कोल्हापूरच्या ज्या गादीच्या कैवारात पुण्याची दोन पत्रे अडचणीत आली, त्याच गादीने पुढे मूक समाजाच्या पत्राला हात दिला. तरीही ‘मूकनायक’ १९२३ मध्ये बंद पडले. त्यामागोमाग १९२७ मध्ये आलेले ‘बहिष्कृत भारत’ १९२९ पर्यंत चालले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून काढावे लागत. ज्यांना खऱ्या बातमीची सर्वाधिक गरज असते, त्यांच्यापाशी तिची किंमत देण्याची ऐपत सर्वांत कमी असते. ‘दर्पण’पासूनचा हा पेच आजही सुटलेला नाही.

२०/
आज भ्रमणध्वनीवर येणारा एखादा ‘अस्सल दस्तऐवज’, जोडकाम केलेले छायाचित्र किंवा यंत्राने घडवलेला हुबेहूब आवाज यांचे तंत्र नवे आहे. त्यामागचे अर्थशास्त्र १८८१ चेच आहे. खोटे रचायला थोडा वेळ लागतो. ते तपासायला माणूस, प्रवास, कागद, वकील आणि मुख्य म्हणजे थांबण्याची मुभा लागते. त्या साऱ्याचा खर्च कोणीतरी सोसावा लागतो. खोटे फुकट वाटता येते, कारण त्याचा खर्च दुसऱ्याच कुणाच्या तरी अब्रूतून वा जिवातून वसूल होतो. पडताळलेली बातमी फुकट मिळावी ही अपेक्षा धरली की तिची जागा कोण घेणार, हे वेगळे सांगायला नको.

२१/
इतिहासप्रेमींपाशी यावरचे एक शस्त्र आधीच आहे: साधनचिकित्सा. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडांनी प्रसिद्ध केली आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, ते अस्सल कागदांच्या शोधासाठी. वतनांच्या तंट्यांत बनावट सनदा सादर होत, हे या संशोधकांना पुरते ठाऊक होते. म्हणून कागद हाती आला की ते मोडीचे वळण पाहत, शाई व कागद पाहत, शिक्का आणि मोर्तब पाहत, तिथी व वार जंत्रीशी ताडून पाहत, मायना त्या काळच्या रिवाजाला धरून आहे का हे पाहत. आणि सर्वांत आधी विचारत: हा कागद इतकी वर्षे कोणाच्या दप्तरात होता?

२२/
हेच प्रश्न बर्व्यांच्या नावावरील पत्रांना विचारले असते तर? हस्ताक्षर त्यांच्या निर्विवाद पत्रांशी ताडले असते. पत्रे राजवाड्यातून बाहेर कशी आली याचा माग काढला असता. ती उजेडात आल्याने कोणाचा लाभ होतो ते पाहिले असते. आणि शत्रू असला तरी बर्व्यांना खुलासा मागितला असता. कदाचित चार आठवडे गेले असते. पण महाराजांची बाजू न्यायालयात अशी कोसळली नसती.

२३/
म्हणून मित्रहो, तीन गोष्टी सोबत न्याव्यात. जो मजकूर आपल्या मनातलेच बोलतो त्याला अधिक कठोरपणे तपासा, कारण फसवणारा नेमका तोच दरवाजा निवडतो. आरोप असिद्ध ठरला तर तो मागे घेण्याचे धैर्य दाखवणाऱ्याला भित्रा म्हणू नका. गोखल्यांना तसे म्हणणारे पुष्कळ होते. आणि जे नियतकालिक, संकेतस्थळ वा संशोधनसंस्था पडताळून लिहिते, चूक झाल्यास ती जाहीर दुरुस्त करते, तिची वर्गणी भरा. ३०० वर्गणीदारांच्या ‘दर्पण’ला आणखी थोडे वाचक मिळाले असते तर ते किती वर्षे चालले असते, हा इतिहासातला जर-तर आहे. आजच्या एखाद्या ‘दर्पण’च्या बाबतीत मात्र तो आपल्या हातात आहे.

(सूत्र समाप्त. कोणाला पुढे पाठवायचे असल्यास संपूर्ण पाठवावे. केवळ पहिला भाग पुढे गेला तर टिळक-आगरकरांविषयी आणखी एक अर्धवट गोष्ट फिरू लागेल.)